माळावर खड्डे पाडण्याआधी नोंदवही उघडा

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
जैवविविधता व्यवस्थापन समित्या,
पुणे, अहिल्यानगर, सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतली माळरानाची गावे

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मंत्रालयाला किंवा वनखात्याला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे, त्याला कारण आहे. गायरानावर झाडं लावायची म्हणून एखादी संस्था किंवा कंपनी गावात येते तेव्हा ती आधी ग्रामपंचायतीचा ठराव मागते. ठराव सहसा एकमतानं होतो. झाडं लावायला नाही कोण म्हणणार? आणि त्या बैठकीत जिचं मत सगळ्यांत आधी विचारायला हवं, ती तुमची समिती गावात आहे हेच कुणाच्या ध्यानात नसतं.

2002 च्या जैविक विविधता कायद्यानं प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत अशी समिती हवी असं सांगितलं आणि त्याखालच्या 2004 च्या नियमांनी गावकऱ्यांना विचारून गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार करायचं काम तिच्याकडे दिलं. बरीच वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मग 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली, मुदत चुकली तर राज्याला दरमहा 10 लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं, आणि देशभर एकच धावपळ उडाली. त्या घाईत झालेली आपल्या गावाची नोंदवही कपाटात असेल. एकदा काढून पाहा. झाडांच्या यादीत आंबा, चिंच, वड, पिंपळ, कडुनिंब मिळतील. गुलमोहरही मिळेल, जो मुळात मादागास्करचा. झुडपांच्या पानावर फार तर घाणेरी आणि तरवड, आणि खाली कोरी जागा. आपल्या हद्दीत शेकडो एकर माळ आहे आणि नोंदवहीत माळावरचं जवळजवळ काहीच नाही, असं ज्या गावांचं झालं असेल त्यांच्यासाठी हे पत्र आहे.

माळ म्हणजे जंगल तोडून उरलेली जागा, ही समजूत आपल्या डोक्यात फार खोल बसली आहे. पूर्वी इथं घनदाट अरण्य होतं, लोकांनी तोडलं, शेळ्यामेंढ्यांनी खाल्लं, आता आपण पुन्हा झाडं लावून पापक्षालन करायचं, अशी ती गोष्ट. काही डोंगरांच्या बाबतीत ती खरी असेलही. पण बारामती-इंदापूरचा, माण-खटावचा, कर्जत-करमाळ्याचा, सांगोला-जतचा माळ हा घनदाट जंगलाचा उरलासुरला भाग नव्हे. हा सव्हाना आहे. सव्हाना म्हटलं की शाळेच्या भूगोलातले जिराफ आठवतात, पण गवताच्या पसाऱ्यात अंतराअंतरानं उभी झाडं आणि मधेमधे काटेरी जाळ्या असा मुलूख जिथं आहे तो सव्हानाच. आपला हिंगण, ज्याच्या फळाचा गर पूर्वी कपडे धुवायला वापरत, तो आफ्रिकेच्या सव्हानातही उभा असतो. नेपती तिकडे आहे, बाभूळ तिकडे आहे. सह्याद्रीच्या पूर्वेला पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यात, मुरमावरच्या हातभर मातीत जी वनस्पती टिकते तीच इथली.

पुरावा हवा असेल तर तीन गोष्टी सांगतो. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे नक्षी कोरलेले तुकडे मिळाले, सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचे. शहामृग हा काही दाट झाडीत राहणारा पक्षी नाही. त्याला पळायला मोकळं रान लागतं, म्हणजे शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रात असं मोकळं रान होतं. दुसरी गोष्ट अलीकडची. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन अभ्यासकांनी जुन्या मराठी साहित्यात आणि लोकपरंपरेत आलेल्या रानझाडांचे उल्लेख गोळा केले. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 44 रानवनस्पती ओळखता आल्या, आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश सव्हानात वाढणाऱ्या निघाल्या. हे उल्लेख तेराव्या शतकापासूनचे आहेत. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीच्या माणसालाही आजूबाजूला काटेरी झाडं आणि गवतच दिसत होतं. तिसरी गोष्ट तुम्ही वारीत स्वतः पाहिली असेल. पंढरपूरच्या देवळात कान्होपात्रेच्या समाधीच्या जागी उगवलं म्हणून जे झाड दाखवतात ते तरटीचं. मंगळवेढ्याच्या या संत कवयित्रीच्या आठवणीला भाविकांच्या मनानं चंदन किंवा पारिजातक दिला नाही, भोवतालच्या माळावरचं काटेरी झाड दिलं. लाखो लोक तिला हात जोडतात. आपल्या गावच्या माळावर तरटी किती उरल्या आहेत, हे मात्र नोंदवहीत शोधून सापडत नाही.

आता माळावर या. पावसाळा नुकताच संपलाय असं धरा. लांबून बघितलं तर पवन्या आणि कुसळी ही गवतं पिवळी पडायला लागलेली, आणि त्यावर चार हिवर. हिवराची साल फिकट, पिवळसर पांढरी, शेंड्याला दुधी रंगाच्या फुलांचे तुरे. त्याची सावली विरळ असते. खाली ऊन झिरपतं, म्हणून गवत खोडापर्यंत येतं. माळावरच्या बहुतेक झाडांचं तसंच आहे. त्यांना सावलीत वाढता येत नाही. हिवराचं पोर दुसऱ्या झाडाच्या गर्द सावलीत टाका, ते झुरून मरतं. जंगलातल्या झाडाचं उलट असतं, ते लहानपणी सावली सोसतं आणि हळूहळू वर चढतं.

गवतात वाकून पाहिलंत तर हिवराची किंवा खैराची काडी दिसेल, करंगळीहून बारीक, वीतभर उंचीची. सहज उपटायला जाल तर येणार नाही. मुळाशी टिकाव लावून खोदलंत तर वर वीतभर असलेल्या त्या रोपाचं मूळ खाली हात-दीड हात गेलेलं आणि मनगटाकडे झुकणारं जाड लागेल. ते रोप या वर्षीचं नसतं. शेळीनं खाल्लं, वणव्यात वरचा भाग जळला, दुष्काळात वाळलं, आणि प्रत्येक वेळी मुळात साठवलेल्या शिधोरीवर पुन्हा फुटलं. असं कित्येक वर्षं चालतं. मग लागोपाठ दोन-तीन बरे पावसाळे मिळाले, जाळ लागला नाही, शेळ्यांचा रेटा जरा कमी झाला, की ते एकदम डोकं वर काढतं आणि शेळीच्या तोंडाच्या आणि जाळाच्या उंचीपलीकडे जातं. तिथून पुढे त्याला सहसा काही होत नाही. म्हणून ज्या माळावर मोठी झाडं दहा-वीसच दिसतात, तिथं गवताखाली पुढच्या पिढीची शेकडो रोपं दबा धरून बसलेली असू शकतात. खड्डे खणणाऱ्यांना ती दिसत नाहीत. त्यांच्या लेखी ते नुसतं गवत.

तशीच हेकळीची जाळी. हेकळ, बोर, वाघाटी, खटखटी, अमोणी एकमेकांत गुंतून जी जाळी होते ती साफ करावी असं प्रत्येकालाच वाटतं, कारण तिथं साप असतो, धोतर फाटतं. पण जरा फांदी बाजूला करून आत पाहा. बुलबुलानं, साळुंकीनं वर बसून टाकलेल्या बियांतून आत कडुनिंब आलेला असतो, एखादी तरटी, आणि वाऱ्यानं उडून आलेल्या बीतून एखादं मेडशिंग. शेळीचं तोंड तिथं पोचत नाही. पाच-सात वर्षांनी ते झाड जाळीच्या वर निघतं आणि मग लोकांना वाटतं, हे इथं कधी आलं? माळावरच्या कितीतरी झाडांचं बालपण असं काट्यांच्या कुंपणात जातं. जाळी तोडली की आजचं झुडूप गेलंच, वीस वर्षांनंतरचं झाडही गेलं. तरटी-वाघाटीच्या पानांवर वाढणाऱ्या पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांचंही मग काम नाही. आणि आषाढी द्वादशीच्या पारण्याला वाघाट्याची भाजी लागते तेव्हा बाजारात ती काय भावानं मिळते ते तुम्हीच आठवा.

माणसानं माळाचं काय केलं, याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही आणि मला ते एका ओळीत द्यायचंही नाही. माणूस इथं हजारो वर्षं आहे. त्याची कुऱ्हाड, त्याची गुरं आणि त्याचा जाळ हे या माळाच्या घडणीतच आहेत. धनगरांचे वाडे, म्हणजे कळपासह फिरणारी बिऱ्हाडं, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे जायचे आणि मृगाच्या आगेमागे परत यायचे, आजही काही जातात. म्हणजे निम्मं वर्ष मेंढ्यांचा मोठा कळप माळावर नसायचा. उन्हाळ्यात बाभळीच्या, हिवराच्या शेंगा आकडीनं पाडून मागे राहिलेल्या शेळ्यामेंढ्यांना घातल्या की कडक सालीच्या बिया पोटातून फिरून मऊ होऊन बाहेर पडत. रात्री मेंढ्या ज्या शेतात बसवल्या तिथल्या बांधावर पुढच्या पावसात बाभळी उगवत. नांगराला, चाकाला बाभूळ लागायची, लवचीक काठीला धामण, मुसळाला खैर. कामाला येणारं झाड शेतकरी बांधावर राखायचा. फांदी तोडायचा, खोड ठेवायचा. फांदी तोडलेली बाभूळ मरत नाही, जास्तच फुटते. अशा वापरानं एका माळावर जाड खोडाची जुनी झाडं, मधली, फुटवे आणि जाळ्या असं सगळं एकत्र नांदत होतं.

ते बिघडलं कसं? वापर थांबल्यानंही बिघडलं आणि वापर बेसुमार झाल्यानंही बिघडलं. लोखंडी अवजारं आणि ट्रॅक्टर आले, बांधावरच्या बाभळीची गरज संपली, आणि उभी झाडं वीटभट्टीला गेली. बाभूळ फांदीनं तोडायची होती ती बुंध्यातून तोडली गेली, वर तो बुंधा उन्हाळ्यात पेटवून दिला गेला. चराऊ रान आक्रसत गेलं, कारण पाणी आलं तिथं ऊस आला, आणि पाणी नव्हतं तिथं प्लॉट पडले, मुरमाच्या खाणी निघाल्या. उरलेल्या तुकड्यावर गावची सगळी गुरं, बारा महिने. मग जनावर जे खातं ते संपतं आणि जे खात नाही ते वाढतं. तरवड आणि रुई सोडून माळावर दुसरं झुडूप दिसेनासं झालं असेल तर समजायचं, चराई हाताबाहेर गेली आहे. तरवड चांगलाच आहे, सप्टेंबरात पिवळाधमक फुलतो, पण एकटा तरवड म्हणजे आजार आहे.

जाळाचंही तसंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत पेटवलं की कोवळा फुटवा लवकर येतो, या समजुतीनं काही ठिकाणी दरसाल काडी लागते. एखाद्या वर्षीच्या जाळानं माळाचं काही बिघडत नाही. मोठ्या झाडांची साल जाड असते, रोपं मुळातून फुटतात. पण तेच रोप दरवर्षी जळत राहिलं तर त्याला जाळाच्या उंचीवर निघायची संधी कधीच मिळत नाही, मुळातली शिधोरी हळूहळू संपते, आणि जुनं झाड पडलं की त्याच्या जागी कुणी नसतं. उलट बाजूनं, वर्षानुवर्षं एकही जाळ नाही, एकही जनावर नाही, असं कडेकोट कुंपण घातलं की तिथं घाणेरी आणि वेडी बाभूळ माजतात. वेडी बाभूळ आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेकडून आली. तिच्याही शेंगा गोड, तिच्याही बिया गुरांच्या पोटातून पसरतात, आणि आपल्या बाभळीच्या जागी ती झपाट्यानं बसते. उजनीच्या काठानं गेलात तर दिसेल.

तरीही, कुऱ्हाड, गुरं आणि जाळ या तिघांपेक्षा आज मला जास्त भीती वाटते ती चौथ्याची. झाडं लावणाऱ्यांची.

चिडू नका, पुढं वाचा. 2016 मध्ये राज्यात एका दिवसात 2 कोटी रोपं लावण्याचा संकल्प झाला. मग जास्त दिवसांच्या मोहिमा आल्या, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी, 2019 मध्ये 33 कोटी. आकडा मोठा झाला की जागा लागते. शेतकरी आपली शेती देत नाही, दाट जंगलात खड्डे पाडायला जागा नाही. मग उरतं काय? गायरान आणि माळ. आणि रोप कुठलं? जे लवकर वाढतं, शेळी ज्याला तोंड लावत नाही आणि पाणी न घालता जगतं. म्हणजे गिरिपुष्प, जिला आपण उंदीरमारी म्हणतो. ती मध्य अमेरिकेतली. उन्हाळ्याच्या तोंडाला गुलाबी फुलते तेव्हा छान दिसते, फोटोत तर फारच छान. पण तिच्या दाट रांगेखाली पवन्या राहत नाही, मारवेल राहत नाही आणि हिवराचं रोपही राहत नाही. आधीच सांगितलं, त्यांना सावली चालत नाही. पाच वर्षांनी माळ हिरवा झाला म्हणून बातमी येते. झाडांची संख्या वाढलेली असते, झाडांच्या जाती कमी झालेल्या असतात.

कंपन्या-संस्थांसाठी 2023 मध्ये केंद्रानं हरित पत (ग्रीन क्रेडिट) योजना आणली. फेब्रुवारी 2024 मध्ये तिची जी कार्यपद्धती निघाली तिच्यात हेक्टरी किमान 1,100 झाडांची अट होती. दहा-दहा फुटांवर खड्डे घेतले की साधारण एवढीच संख्या भरते. आणि ही लागवड करायची कुठं? खुरटी रानं, पडीक जमिनी, विरळ जंगलं यांवर. आपल्या माळाची कागदोपत्री ओळख नेमकी हीच आहे. देशाच्या वनसर्वेक्षणात एक हेक्टरपेक्षा मोठ्या तुकड्यावर झाडांच्या शेंड्यांनी किमान 10 टक्के जमीन झाकली तर ते वन, त्याखाली खुरटं रान. 40 टक्क्यांपर्यंत विरळ, 70 पर्यंत मध्यम दाट, त्यापुढे अतिदाट. मोजायला हा हिशेब ठीक आहे. पण या शिडीवर चढत जाणं म्हणजेच सुधारणा असं एकदा धरलं की हिवराचा माळ कायम नापासच. त्याला पास करायचं तर त्याचं माळपण घालवावं लागतं.

खड्ड्यांआधी चर येतात. उतारावर जेसीबीनं सलग समतल चर काढतात, पाणी अडावं म्हणून. हेतूबद्दल शंका नाही, दुष्काळी तालुक्यात पाणी म्हणजे जीव. पण माळावर मातीचा थर हातभर असतो, त्याखाली मुरूम. बकेट एकदा ओढली की वरची माती खाली आणि मुरूम वर, आणि चराच्या रेषेतली ती जाड मुळांची रोपं तुटून बांधावर वाळत पडलेली. ज्या रोपानं दहा वर्षं शेळी, जाळ आणि दुष्काळ पचवला ते दहा सेकंदांत जातं, आणि त्याच बांधावर मग पिशवीतलं रोप समारंभानं लागतं. पिशवीतल्या रोपाचं मूळ पिशवीच्या तळाशी गोल फिरलेलं असतं. ते मे महिना बघत नाही. मग पुढच्या जूनला पुन्हा रोप येतं. पाहुणे नवे असतात, खड्डा मात्र ओळखीचा असतो.

थोडं आपल्या पट्ट्याबाहेरचं सांगतो, कारण विदर्भ-खानदेशातल्या मित्रांनी विचारलं की आमच्याकडे तर खरं जंगल आहे, आम्हाला हे कशाला? जयश्री रत्नम आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्येच असं मांडलं की आपण ज्यांना शुष्क पानझडी जंगलं म्हणतो त्यांतली बरीचशी, खाली गवत आणि वर उन्हात वाढणारी जाड सालीची झाडं असल्यामुळे, वागणुकीनं सव्हानाच आहेत. मोहा, तेंदू, चारोळी, साळई, धावडा, अंजन ही झाडं जाळ आणि चराई यांच्या संगतीनं वाढलेली. तिथला प्रश्न वेगळा आहे, सागाचा, आणि तो एका परिच्छेदात मावणारा नाही. मी इथंच थांबतो.

अभ्यासकांच्या दुसऱ्या एका गटानं 2022 मध्ये द्वीपकल्पीय भारतातल्या सव्हानांची मोजदाद प्रसिद्ध केली. जगात फक्त इथंच सापडणाऱ्या 206 वनस्पती त्यांनी नोंदवल्या, आणि त्यांतल्या 43 टक्के गेल्या दोन दशकांत प्रथमच ओळखल्या गेलेल्या. यांत झाडं थोडी, गवतातली नाजूक मंडळी जास्त, पण झाडांच्या रांगा लावल्या की आधी तीच जातात. आपल्या माळावर काय आहे हे अजून धड पाहूनच झालेलं नाही, असाच याचा अर्थ मी घेतो.

आता तुमच्याकडे काय मागायचं ते. मी वनस्पतीशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे मागण्या शिक्षकी वाटतील, सांभाळून घ्या.

पहिली मागणी मोठी आहे, बाकीच्या तिच्या पोटात आहेत. माळावरची लागवड, चर, कुंपण किंवा सपाटीकरण यांचा कोणताही प्रस्ताव आला की तो ठरावाला जाण्याआधी तुमच्या समितीनं त्या जागेची वनस्पतींची यादी करायची, आणि ती ग्रामसभेत मोठ्यानं वाचायची. यादी एका फेरीत होत नाही. श्रावणात एकदा जा, गवत आणि वेली तेव्हाच ओळखू येतात. थंडीत एकदा, बोरं आणि शेंगा बघायला. उन्हाळ्यात एकदा, कारण मेडशिंगाची वाकडी शेंग आणि पळसाची फुलं तेव्हा लांबूनही लपत नाहीत, आणि गवत बसल्यामुळे रोपं मोजता येतात. झाडं तीन उंचींत मोजा: गुडघ्याखालची, गुडघ्यापासून डोक्यापर्यंतची आणि त्यावरची. खालची भरपूर आणि मधली शून्य असली तर चराई किंवा जाळ जास्त होतोय. वरची आहेत आणि खाली काहीच नाही, तर झाडांची ती शेवटची पिढी आहे आणि तुम्हाला पाच-दहा वर्षांत काहीतरी करावं लागेल. एवढं कळायला कुठल्याही तज्ज्ञाची गरज नाही. गावातल्या शाळेची नववी-दहावीची पोरं हे काम आनंदानं करतील.

यादीत नावं गावातली घाला. शास्त्रीय नाव नंतर कुणीही लावून देईल. त्यासाठी कुणाला सोबत न्यायचं? नियमानं समितीत एक तृतीयांश महिला असाव्यात, त्या जागी नुसत्या सह्या घेतल्या जाऊ नयेत. ज्या बाईनं तीस वर्षं शेळ्या राखल्या तिला कुठली शेळी काय खाते, कुठल्या जाळीत काय उगवतं हे आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे. तशीच धनगरवाड्यावरची म्हातारी माणसं. वाडा दरवर्षी गावच्या हद्दीतून जात असेल तर त्यातला एखादा माणूस समितीच्या बैठकीला बोलवा. तो सदस्य नसला तरी चालेल, चहा पाजा आणि विचारा: या माळावर पूर्वी असलेलं कुठलं झाड आता दिसत नाही? माझा अनुभव असा की या प्रश्नाला पाच मिनिटांत चार नावं येतात, त्यांतलं एखादं आपण ऐकलेलंही नसतं.

लागवड करायचीच असेल, आणि मंडळांचा उत्साह मोडायची माझी इच्छा नाही, तर ती माळावर नको. रस्त्याच्या कडा आहेत, शाळेचं आवार आहे, शेताचे बांध आहेत, ओढ्याचा तुटलेला काठ आहे, बंद पडलेली मुरमाची खाण आहे. तिथं बाभूळ लावा, कडुनिंब लावा, ओढ्याकाठी करंज आणि जांभूळ लावा. माळावर ज्या ठिकाणी खरोखरच मोठी झाडं संपली आहेत तिथं पिशवीतली रोपं आणण्यापेक्षा थंडी-उन्हाळ्यात शेजारच्या माळावरच्या हिवराच्या, खैराच्या, बोरीच्या बिया गोळा करून पावसाच्या तोंडावर जाळ्यांच्या कडेला टोकून द्या, आणि त्या तुकड्यावर दोन-तीन वर्षं चराई हटवा. सीड बॉल हेलिकॉप्टरमधून टाकायची गरज नाही. वेडी बाभूळ काढायची असेल तर हप्त्याहप्त्यानं काढा. सगळी एकदम काढली तर सरपणासाठी लोकांची कुऱ्हाड दुसऱ्या दिवशी हिवराकडे वळेल, हे ध्यानात ठेवा.

चराईबंदीचा ठराव करू नका. चराईचं वेळापत्रक करा. माळाचे तीन-चार भाग पाडा, एक भाग आळीपाळीनं दोन पावसाळे सोडा, मधल्या उंचीच्या रोपांना तेवढी उसंत पुरते. शेळ्या कमी करा असं भूमिहीन कुटुंबाला सांगायला आपल्याला तोंड नाही, विशेषतः गायरानातला निम्मा भाग दुसऱ्यांनीच बळकावलेला असताना. जाळाच्या बाबतीत एवढंच ठरवा की एका जागेवर लागोपाठच्या वर्षी काडी पडणार नाही. आणि ज्या फांद्या तोडायच्या त्या तोडू द्या, शेंडा आणि बुंधा सोडून.

राज्यानं जैवविविधता वारसा स्थळं जाहीर केली आहेत, आलापल्लीचं जंगल, पुण्याचा गणेशखिंड बाग, आंबोलीजवळ हिरण्यकेशीचा उगम. गावाला मनात आणलं तर हिवराच्या एखाद्या जुन्या माळासाठीही असा प्रस्ताव करता येतो. त्याचे कागद बरेच लागतात, पण त्यातला पहिला कागद म्हणजे ती यादीच.

1 मे ची ग्रामसभा जवळ आली की जूनच्या लागवडीचे प्रस्ताव यायला लागतात. त्याच सभेच्या विषयपत्रिकेवर "गावच्या माळावरील झाडे व झुडपे यांची नोंद" हा विषय घालायला ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) आताच सांगून ठेवा. नोंदवहीच्या छापील पानांत झुडपांना जागा पुरणार नाही. कोरी पानं जोडा, त्यावर समितीच्या सह्या आणि तारीख घ्या, आणि एक प्रत शाळेत ठेवा.

आपला,
माळाकाठच्या गावातला एक निवृत्त शिक्षक